समुद्रावर काढलेला दसरा

मला राग आला की मी पत्र लिहिते. कुणी भांडी आपटतं, कुणी पोरांना धपाटे घालतं. मी आंतर्देशीय पत्र काढते आणि कडेच्या समासासकट भरून टाकते. सेलूला पोस्ट घरापासून लांब होतं, त्यामुळे तिथवर चालत जाईस्तोवर माझा राग निवायचा आणि पत्र माझ्याबरोबर घरी परत यायचं. समुद्रकाठच्या त्या गावात मात्र लाल पेटी आमच्या दारासमोरच होती. पुढचं सगळं रामायण त्या पेटीमुळे झालं असं मी म्हणते. हे म्हणतात, पेटीवर कशाला ढकलतेस.

ह्यांना बँकेत बढती मिळाली आणि बढतीच्या शेपटाला बदली बांधलेली होती. रत्नागिरीच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी वसलेलं लहानसं गाव. आमच्या घरात तोवर समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. सासरे निवृत्त शिक्षक, निजामाच्या अमलात उर्दूतून शिकलेले. त्यांनी शाळेचा जुना नकाशा भिंतीला लावून त्या गावावर बोट ठेवलं, तर बोटाखाली गाव झाकलं आणि निम्मं बोट पाण्यात गेलं. सासूबाईंनी तेवढंच पाहिलं. त्यांचं म्हणणं पडलं की धाकट्याला न्या, तो साडेतीन वर्षांचा, आईवाचून राहणार नाही. पण थोरली इथंच राहू द्या. थोरली सात वर्षांची. जन्मल्यापासून ती आजीच्या कुशीत झोपलेली आणि आजोबांच्या मांडीवर पाढे शिकलेली. सासऱ्यांची शिकवण्याची हौस नोकरीबरोबर संपलेली नव्हती. जे पाढे शाळांमधून कधीच उठून गेले होते, ती पावकी, निमकी, पाऊणकीसुद्धा त्यांनी नातीकडून घोटून घेतली होती. पाऊणकी म्हणजे पाऊणपटीचा पाढा. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, असा. पोरगी ते सागरगोटे खेळताना म्हणायची.

मी थोरलीला ठेवायला नकार दिला. माझी लेकरं माझ्याजवळ, असं तोंडावर सांगितलं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. निघायच्या सकाळी त्यांनी आपल्या जुन्या इरकली लुगड्यांची गोधडी आणून माझ्या हातात दिली. तिच्याशिवाय पोरीला झोप येत नसे.

"पोरीसंगं धाडायले," त्या म्हणाल्या. "पोरीसंगंच माघारी येऊ दे."

आम्हाला जागा चांगली मिळाली होती. जांभ्या दगडाचं कौलारू घर, पुढे पडवी, मागे विहीर, आणि विहिरीपलीकडे घरमालकीण काकी राहायच्या. काकी साठीच्या, एकट्या, आणि दिवसभर कशाला ना कशाला हसणाऱ्या. गावात गेल्यावर लोक आम्हाला दोनच प्रश्न विचारायचे. मराठवाडा म्हटलं की पहिला प्रश्न, तुमच्या विद्यापीठाच्या नावाचं काय झालं. आणि दुसरा, तुमच्याकडे प्यायला पाणी असतं का हो? पहिल्याचं उत्तर हे सावधपणे देत. दुसऱ्याचं मी देत असे आणि सावधपणे देत नसे. आमची दुधना काय, गोदावरी काय, जणू ह्यांच्या समुद्राला आम्हीच पाणी पुरवतो, असा माझा आव असे. पहिल्याच आठवड्यात मी काकींना विचारलं की इथे बायका धुणं धुवायला कुठल्या नदीवर जातात? त्यांनी माझ्या मागच्या विहिरीकडे पाहिलं आणि इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, ह्या बाईला आता काही म्हणून विचारायचं नाही.

मग पावसाने ठाण मांडलं. बरणीतलं मीठ पाझरून फळीवर ओघळ यायचे. काड्यापेटीतली एक काडी पेटवायला पाच काड्या जात. ह्यांच्या नव्या चपलांवर हिरवी बुरशी आली. सेलूहून आणलेल्या ज्वारीत पोरकिडे झाले आणि आम्ही भाकरीऐवजी तांदळाच्या पिठाचं जे काही थापत होतो त्याला धाकटा हात लावीना. त्याच्या अंगावर दमट हवेचे फोड उठले. तो घराच्या मधोमध उभा राहून "घरी चल" म्हणून रडायचा. थोरली रडत नव्हती, त्याचीच मला जास्त भीती वाटायची. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी काय करतेस म्हणून विचारलं, तर ती आमच्या बोलीत म्हणाली, "पाटी पुसायले," म्हणजे पुसतेय. सगळा वर्ग खो खो हसला. तेव्हापासून पोरीने शाळेत तोंड उघडलं नव्हतं. महिन्याभराने बाईंची चिठ्ठी आली की मुलीला बोलण्याचा काही त्रास आहे का?

ज्या पोरीची बडबड थांबवायला आम्ही हात जोडायचो, तिला बोलण्याचा त्रास! मी आधी बाईंवर चिडले, मग ह्यांच्यावर, मग बढतीवर. हे बँकेत होते, म्हणून वाचले. मी आंतर्देशीय काढलं आणि सासऱ्यांना लिहिलं की सासूबाई म्हणत होत्या तेच खरं, पोरीला इथलं मानवत नाही, तुम्ही येऊन तिला घेऊन जावं. गोंद लावला, डोक्यावर पदर घेतला, रस्ता ओलांडला आणि पत्र पेटीत टाकलं. परत उंबऱ्यात पाय ठेवला आणि राग उतरला.

संध्याकाळी चारला पोस्टमन पेटी उघडायला यायचा. मी चारच्या आधीपासून खिडकीशी उभी होते. तो आला, त्याने कुलूप काढलं, पत्रं पिशवीत भरली. एक हाक मारली असती तर त्याने पत्र परत दिलं असतं. पण काय सांगणार होते त्याला? मी हाक मारली नाही.

आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात पोरीचं गाडं रुळावर आलं. ते काकींमुळे आलं. काकी पडवीत बसून कुळीथ निवडत होत्या आणि आज तिथी कोणती म्हणून स्वतःशीच पुटपुटत होत्या. थोरलीने सांगितलं, सप्तमी. तिथ्या तिला आजोबांच्या पंचांगामुळे पाठ. काकी म्हणाल्या, म्हणजे भरती किती वाजता? पोरीला भरती म्हणजे काय ते नुकतंच कळलं होतं. तेव्हा काकींनी तिला सांगितलं की इथली माणसं घड्याळ बघून समुद्रावर जात नाहीत. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पाणी पूर्ण चढतं. पोरगी म्हणाली, "सात पाऊण सव्वापाच." काकींच्या हातातलं सूप तसंच राहिलं. त्यांनी अष्टमी विचारली, दशमी विचारली, तेरस विचारली. पोरीने झाडून सगळी उत्तरं दिली. होड्यांवरची जाणती माणसं बोटांवर मोजून काढतात तो हिशोब सात वर्षांची परगावची पोरगी तोंडावर सांगते, ही बातमी दुसऱ्या दिवशी आळीभर झाली आणि तिसऱ्या दिवशी शाळेत पोहोचली. बाईंनी तिला वर्गापुढे उभं करून पाऊणकी म्हणायला लावली. त्या दिवशी ती घरी आली ती पाच मुलींच्या घोळक्यात, आणि सगळ्यांत मोठा आवाज तिचा होता.

धाकट्याचे फोड काकींच्या कसल्याशा पाल्याने वाळले. तोही रुळला. रोज एवढं पाणी इथे कोण आणून भरतं, एवढीच त्याला काळजी उरली होती.

श्रावणात सासऱ्यांचं उत्तर आलं. भाद्रपदी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी येतो, पितरांच्या तिथीला परत घरी पोहोचायचं आहे, पोरीचे कपडे भरून ठेवावेत. खाली सासूबाईंचा निरोप होता की पोरीची जागा झाडून ठेवली आहे.

हे म्हणाले, येऊ नका म्हणून लिही. मी म्हटलं, काय लिहू? सून आज एक बोलते, उद्या एक बोलते, असं? ते म्हणाले, मी लिहितो. मी म्हटलं, खबरदार. खरं तर मला रात्रंदिवस एकच धास्ती होती. सासरे शब्दाचे पक्के. माझ्या शब्दावर निघालेला माणूस पोरीला घेऊनच जाणार, आणि माझ्या लेकराला मीच हाताने पत्र लिहून घालवलं असं होणार. थोरलीला मी ह्यातलं काही सांगितलं नव्हतं. आजोबा येणार म्हणून ती अंगणात नाचत होती.

मी ठरवलं, तोंडाने सांगायचं नाही, घरानेच सांगायचं. सासऱ्यांना असं लखलखीत घर दिसलं पाहिजे की पोरीला न्यायचं कारणच त्यांना सापडू नये. थोडक्यात, मी दसरा काढायचं ठरवलं. आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं धुणं नदीवर न्यायचं, त्याला दसरा काढणे म्हणतात. गोधड्या, वाकळा, सतरंज्या, चादरी, सगळं. बैलगाडी भरून दुधनेवर जायचं, दगडावर आपटायचं, वाळूत वाळत घालायचं आणि तिथेच बसून भाकरी खायची. त्या वर्षी मी तो पंधरा दिवस आधीच काढणार होते.

पावसाने चार दिवस उघडीप दिली होती. पौर्णिमा रविवारी आली. विहिरीवर एवढं धुणं व्हायचं नाही, पण समुद्रावर जागा मी हेरून ठेवली होती. डोंगरातून एक ओढा येऊन वाळूवरून समुद्राला मिळायचा. मी काही इतकी वेडी नव्हते. ओंजळभर पाणी चाखून पाहिलं होतं. गोडं होतं. सकाळी साडेसहाला आम्ही गेलो तेव्हा समुद्र पार लांब होता आणि मध्ये दुधनेच्या पात्रासारखी ऐसपैस स्वच्छ वाळू पसरली होती. ह्यांनी सायकलवरून तीन खेपांत गाठोडी आणून टाकली आणि भाजी आणायला गेले.

थोरली म्हणाली, "आई, आज पुनव हाय. पंधरा पाऊण सव्वाअकरा."

मी म्हटलं, तुझे पाढे आजोबा आल्यावर म्हण. दहा दसरे काढलेत मी तुझ्या आजीबरोबर.

तिने पुन्हा सांगितलं की काकी म्हणतात पुनवेला पाणी लय वर येतं. काकींचं नाव काढलं आणि माझी कळ दाबली गेली. मी तिला धाकट्याकडे बघायला बसवलं आणि पदर खोचला. अशी मन लावून धुतली मी ती धुणी! नऊपर्यंत अकरा गोधड्या, चार सतरंज्या आणि चादरी वाळूवर ओळीने पसरल्या होत्या, आणि सगळ्यांत पुढे, जिथे ऊन चांगलं होतं तिथे, सासूबाईंची इरकली गोधडी. मग मी लेकरांना घेऊन वर सुरूच्या सावलीत बसले आणि डबा उघडला.

पहिली लाट आली ती गोधडीच्या कडेला फक्त शिवून गेली. मी म्हटलं, असू दे, वाळेल. दुसरी लाट सतरंज्यांपर्यंत आली. मी डबा टाकून धावले तोवर तिसरीने चादरी उचलल्या होत्या. मी एक ओढावी तर दोन निसटाव्यात. भिजलेली गोधडी म्हणजे म्हैस. तिला लाट आत ओढते आणि आपण बाहेर ओढतो. मी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून समुद्राला चांगल्या खणखणीत मराठवाडी शिव्या दिल्या. मागे वळून पाहिलं तर थोरली नव्हती.

ती काकींना आणायला धावली होती. काकी आल्या, त्यांच्या मागे आळीतल्या सहा-सात बाया आल्या, आणि धक्क्यावर जाळी विणत बसलेले दोन म्हातारे आले. कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. बायांनी कासोटे मारले आणि पाण्यात शिरल्या. सगळं निघालं, फक्त इरकली गोधडी फुगून आत चालली होती. तेव्हा एका म्हाताऱ्याने खांद्यावरचा पाग, म्हणजे मासे धरायचं फेकजाळं, गरगर फिरवून असा टाकला की गोधडी बरोब्बर मधोमध सापडली. ती वर ओढली तेव्हा तिच्या घड्यांत बोटभर लांबीचे दोन मासेही होते. धाकट्याने टाळ्या वाजवल्या. मी मात्र वाळूत बसून रडले.

काकी शेजारी बसल्या. म्हणाल्या, "अगो, तिथी बघून तुम्ही उपास करता. समुद्रसुद्धा तिथी बघूनच येतो. विचारायचं नाही का?"

मी म्हटलं, तुम्ही हसाल म्हणून नाही विचारलं. त्या म्हणाल्या की हसणार तर होतेच, हसून सांगितलंही असतं. मग खरंच हसायला लागल्या आणि रडता रडता मलाही हसू आलं.

खारं पाणी बसलेलं कापड नुसतं वाळवून चालत नाही, ते कायम ओलसर राहतं. तीन-चारदा गोड्या पाण्यातून काढावं लागतं. आमच्या एका विहिरीचं ते काम नव्हतं. बायांनी गोधड्या वाटून घेतल्या. आळीतल्या चारही विहिरींवर दुपारभर आमचा दसरा चालला होता आणि चार वाजेपर्यंत प्रत्येक घराच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, आमचं काही ना काही वाळत होतं.

सासरे दुसऱ्या दिवशी यायचे होते. ते त्याच दिवशी पाचच्या एस्टीतून उतरले. त्यांना घर विचारावं लागलं नाही. आळीच्या तोंडाशी एका परक्या माणसाच्या गडग्यावर त्यांना आपल्या बायकोचं लुगडं ओळखू आलं आणि तिथून गोधड्यांच्या मागोमाग ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. घर असं होतं की आत एक अंथरूण नाही, भांडी पसरलेली, मी खाऱ्या केसांची, भिजल्या लुगड्यातली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. थोरलीने त्यांच्या गळ्यात पडून सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली. मी तिचं कसं ऐकलं नाही हे तर दोनदा सांगितलं. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला एवढंच विचारलं की पोरीचे कपडे भरले का? मी म्हटलं, भरते. त्या संध्याकाळी तिचे फ्रॉक पेटीत ठेवताना मला माझा इतका राग आला की समोरची लाल पेटी उखडून टाकावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने आजोबांना भरती दाखवायला न्यायचं ठरवलं. "आज पाडवा, वद्य पाडवा," ती म्हणाली, "पाऊण वाजता." मीही छत्री घेऊन मागून गेले. सासरे धोतर सावरत वाळूवर उभे राहिले. पोरीने पायाच्या अंगठ्याने वाळूत रेघ ओढली आणि सांगितलं की पाणी इथवर येणार आणि मग उतरणार. सासऱ्यांनी मनगटावरचं घड्याळ बघायला सुरुवात केली. सव्वाबारा झाले, साडेबारा झाले. पाणी चढत होतं. रेघेशी आलं, रेघ पुसली, आजोबांच्या अंगठ्याला लागलं, आणि बराच वेळ तिथेच घुटमळून मागे सरायला लागलं. घड्याळात बारा वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

सासऱ्यांनी मान खाली घातली. मला वाटलं उन्हाचा त्रास झाला. बघते तर त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता.

"पस्तीस साल पाऊणकी शिकवली मी," ते म्हणाले. "पोरं इचारायची, गुरुजी, ह्याचा उपेग काय? मलाबी ठावं नव्हतं."

थोरली लाटेमागे पळत होती. ती लांब गेलेली पाहून त्यांनी खिशातून माझं आंतर्देशीय काढलं.

"हे घ्या. हिला कळायचं कारण न्हाई. पोरगी हितं जमली, सूनबाई. आता तिला उपटून नेली तर मी गुरुजी कायचा?"

मी त्यांच्या पाया पडले, भर वाळूत. पत्राचे तुकडे करून समुद्रात टाकणार होते, पण आणखी काही समुद्रात टाकायची माझी हिंमत नव्हती, चुलीत घातलं.

तरी एक प्रश्न उरलाच. सेलूला सासूबाई जागा झाडून वाट बघत होत्या. रिकाम्या हाताने गेलेल्या माणसाचं तिथे काय होणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. निघायच्या दिवशी थोरलीनेच इरकली गोधडीची घडी घातली आणि आजोबांच्या पिशवीत कोंबली. मला आता काकीच्या वाकळेतही झोप येते, आजीला हिच्याविना येत नसेल, असं म्हणाली. नात आणायला गेलेले सासरे गोधडी घेऊन परतले.

सासूबाईंनी पत्र पाठवलं नाही, की रागाचा निरोपही नाही. आम्ही त्या गावी पाच वर्षं राहिलो. दर उन्हाळ्यात सेलूला जायचो तेव्हा ती गोधडी त्यांच्या अंगाखाली असायची. चार विहिरींच्या पाण्यातूनही थोडं मीठ तिच्यात उरलंच होतं. आभाळ भरून आलं की ती दमट व्हायची. मी धुवायला मागितली की सासूबाई द्यायच्या नाहीत.

मग परभणीला बदली झाली आणि आम्ही एकदाचं सेलूच्या घरी सामान टाकलं. थोरली तेव्हा बारा वर्षांची. दुपारी सासरे पंचांग उघडून बसले आणि सवयीने मोठ्यांदा म्हणाले, "आज अष्टमी. आठ पाऊण सहा." मी चमकून बघितलं. सेलूच्या घरीच राहणाऱ्या माझ्या जाऊबाईंनी हसत सांगितलं की हे रोजचंच आहे. पाच वर्षं, आम्ही इथे नसताना, रोज तिथी पाहून ते पोरीच्या गावच्या भरतीची वेळ काढायचे, आणि ती वेळ झाली की सासूबाई हातातलं काम ठेवून घटकाभर बसायच्या.

"आता कायला काढायलाव," सासूबाई त्यांच्यावर खेकसल्या. "पोरगी घरी आलीय न्हवं."

संध्याकाळी मी चुलीशी होते. उंबऱ्यात सासूबाई तांदूळ निवडत होत्या आणि थोरली त्यांच्या पाठीला पाठ लावून बसली होती. भिंतीवरच्या घड्याळात सहाचे टोले पडले. ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता त्या सासूबाईंचा हात सुपात थांबला.

"का गं," त्यांनी नातीला विचारलं, "चढलं असंल का पानी?"